अनवाणी कॅप्टन

कॅप्टनला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो मैदानाच्या मधोमध पालथा पडला होता. सकाळचे साडेसहा वाजले असतील. सप्टेंबर महिना, म्हणजे अमिरातीतल्या आमच्या उम्म अल कुवैनला त्या वेळीसुद्धा हवा अंगाला चिकटते. मला वाटलं, उन्हाने गेला माणूस. पाण्याची बाटली घेऊन धावत गेलो, तर महाशय चांगले शुद्धीवर. एक गाल गवताला टेकवलेला, डोळे मिटलेले, आणि बूट-मोजे लांब रेषेबाहेर जोडून ठेवलेले. मी खाकरलो. त्याने एक डोळा उघडला आणि विचारलं, "हू डिड धिस?"

मी छाती पुढे काढून म्हटलं, "मी, सर."

शाबासकीची वाट पाहत होतो, खोटं कशाला बोलू? स्पेनचा नामांकित मिडफिल्डर कारकिर्दीची शेवटची दोन वर्षं आपल्या क्लबातर्फे खेळणार म्हटल्यावर मी त्या मैदानावर जीव ओतला होता. शारजाच्या औद्योगिक भागातल्या एका वर्कशॉपमधून दीड टनी रोलर करवून आणला होता आणि तीन दिवस फिरवून मैदान असं दाबून काढलं होतं की टाच मारली तर आवाज यावा. माझं मैदानाचं शिक्षण सांगली जिल्ह्यातल्या क्रिकेटच्या ग्राउंडवर झालेलं. आमच्याकडे मैदान तयार करणं म्हणजे रोलर फिरवणं, आणि चांगलं मैदान तयार करणं म्हणजे आणखी रोलर फिरवणं.

तो उठून बसला. गालावर गवताच्या रेघा उमटल्या होत्या. म्हणाला, "धिस इज रोड. व्हेरी गुड रोड. नाऊ गिव्ह मी ग्रास."

मी कृषी पदवीधर. जमीन दाबली की मुळांना हवा मिळत नाही, हा आमचा पहिल्या वर्षाचा धडा. तो मला एक फुटबॉलवाला शिकवत होता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण ती मीच इतकी दाबून ठेवली होती की तीही सोय उरली नव्हती.

त्याने भाषण दिलं नाही. स्टोअरमधून चार दातांचा लोखंडी काटा मागवला, मध्यरेषेवर जाऊन तो पायाने जमिनीत दाबला, हलवला, उपसला, वीतभर मागे सरकला, पुन्हा दाबला. मीही दुसरा काटा घेतला. दोन माणसांनी फुटबॉलचं मैदान असं टोचून काढायचं म्हणजे हत्तीला चमच्याने आंघोळ घालायची. तीन दिवस आम्ही सकाळी दोन-दोन तास ते करत होतो आणि एक गोलपोस्टसुद्धा गाठलं नव्हतं.

आमच्या क्लबाच्या कॅन्टीनमध्ये चहा करणारा शमीर हे सगळं पाहत होता. शमीर केरळातल्या मलप्पुरमचा. तिकडे फुटबॉल म्हणजे काय, हे आपल्या माणसाला सांगून कळायचं नाही. त्याने कोणाकोणाला फोन केले देव जाणे. रविवारी दुपार कलल्यावर दोन पिकअप येऊन थांबल्या आणि त्यातून पंचवीसेक माणसं उतरली. कोणी शारजाच्या गॅरेजमधले, कोणी रास अल खोरच्या भाजीच्या घाऊक बाजारातले. प्रत्येकाच्या हातात काही ना काही: सळई, पहार, मोठा स्क्रूड्रायव्हर. आठवड्यातली एकुलती एक सुट्टी, आणि ही माणसं चपला रेषेबाहेर काढून, ओळीने बसून, जमिनीला भोकं पाडत होती. कॅप्टन त्यांच्यामधून अनवाणी फिरत होता आणि म्हणत होता, "पोको अ पोको." हळूहळू. त्याला त्यांच्यातल्या एकाचंही नाव ठाऊक नव्हतं. त्यांना त्याच्या आईचं नाव, पहिल्या कोचचं नाव आणि कोणत्या पायाचं कोणतं हाड कधी मोडलं, हे सगळं पाठ होतं. काळोख पडायच्या आत मैदान टोचून झालं. असली लोकप्रियता मी आधी पाहिलेली नव्हती. आपल्याकडे माणसं हिरोला हार घालतात. हिरोसाठी जमीन खणताना मी प्रथमच पाहत होतो.

कॅप्टन हे काही त्याचं नाव नव्हे. इथे अरबी लोक खेळाडूला, कोचला, निवृत्त झालेल्यालाही 'कॅप्टन'च म्हणतात. बोलायचा तो इंग्रजी, स्पॅनिश आणि क्लबातल्या हिंदीची खिचडी. मी इथे बहुतेक मराठीतच देतोय, कारण ती खिचडी लिहून काढणं माझ्या आवाक्यातलं नाही.

त्याची कारकीर्द मला शमीरने सांगितली. मी एकदा सहज म्हणालो, "हा नक्की कोण आहे रे? फार गोल केलेत का?" तर शमीरने हातातली किटली खाली ठेवली.

"भाई, आप किसी और को मत पूछना ये. लोग हसेंगे."

मग त्याने आरती म्हणावी तसं सगळं म्हणून दाखवलं. डोंगरातल्या छोट्या गावातल्या बेकरीवाल्याचा मुलगा. पंधराव्या वर्षी एका मोठ्या क्लबाने परत पाठवला: स्लो आहे. सोळाव्या वर्षी दुसऱ्याने परत पाठवला: स्लो आहे. तेव्हा पोराने ठरवलं, आपण पळायचंच नाही, बॉलला पळवायचं. आणि मग एकाच मधल्या दर्जाच्या क्लबाकडून उभं आयुष्य खेळला. मोठ्यांची बोलावणी आली, तो गेला नाही. गोल हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. "पूरे यूरोप में इससे स्लो कोई नहीं था, भाई," शमीर म्हणाला, आणि हे त्याने अशा अभिमानाने सांगितलं की जणू आपला काका हायकोर्टात जज्ज आहे.

त्याने मोबाईलवर जुन्या मॅचेस दाखवल्या. मला काहीच दिसेना. बॉल येतोय, हा देतोय. येतोय, देतोय. मी म्हटलं, "यात याने केलं काय?" शमीर म्हणाला, "अब बॉल को मत देखो. बाकी सबको देखो." मी तसं पाहिलं. तो एकीकडे मान वळवायचा आणि समोरच्या संघाची चार माणसं तिकडे सरकायची. मग बॉल दुसरीकडेच जायचा, जिथे कोणी नाही अशा जागी, आणि बॉल पोचेपर्यंत तिथे आपला माणूस पोचलेला असायचा. बावीस माणसांच्या गर्दीत हा एकटाच निवांत. फुटबॉल मला तेव्हापासून कळायला लागला असं म्हणणार नाही, पण आपण ज्याच्यासाठी गवत कापतो तो कोण आहे, हे त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी मी मशीनची पाती नव्याने धार लावून आणली.

गंमत अशी, की स्वतः कॅप्टनला विचाराल तर त्याला यातलं काही धड आठवत नसे. त्याला गवत आठवे. कोणीतरी चाहता डोळ्यांत पाणी आणून म्हणायचा, "कॅप्टन, ती फायनल! शेवटच्या मिनिटातला तुमचा पास!" हा विचारात पडायचा आणि म्हणायचा, "हां, ते मैदान. डाव्या कोपऱ्यात तिपानीचं तण फार होतं." आयुष्यातलं सर्वांत मोठं दुःख कोणतं, असं एका वार्ताहराने विचारलं, तर त्याने उत्तरेकडच्या एका मैदानाचं नाव घेतलं. तिथे स्टँडची सावली पडून गवतात शेवाळ धरायचं. वार्ताहराला ते लिहावं की नाही कळेना. मी मागे उभा होतो, मला मात्र वाईट वाटलं. सावलीतलं शेवाळ फार चिवट असतं.

रोज पहाटे तो येणार, बूट काढणार आणि एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरका चालत जाणार. मग बॉल हळूच घरंगळत सोडून, तो थांबेपर्यंत स्पॅनिशमध्ये आकडे मोजणार. आकडा घटला की माझ्याकडे बघणार. आकडा घटणं म्हणजे गवत उंच झालं, बॉल अडतोय. गवताची उंची मोजायला त्याच्याकडे फूटपट्टी नव्हती. घराच्या किल्लीवर त्याने एक ओरखडा केला होता, किल्ली गवतात उभी धरायची आणि ओरखड्याच्या वर पातं दिसता कामा नये. ती किल्ली एकदा हरवली. घराबाहेर अडकलेली बायको फोनवर फोन करतेय, आणि हा मला विचारतोय, "आता आपण गवत कशाने मोजायचं?"

सेल्फीला त्याने कधी नाही म्हटलं नाही, पण रेषेच्या आत बूट चालायचा नाही. मोठमोठ्या कंपन्यांचे सुटाबुटातले साहेब तापलेल्या सिमेंटवर अनवाणी नाचत फोटो काढून घेताना मी पाहिलेत. खासगीत सांगतो, ते बघायला मला फार आवडायचं.

मला तो पहिल्या आठवड्यापर्यंत "मिस्टर" म्हणायचा. मग एकदा शिक्षण विचारलं. मी सांगितलं, शेतकीची पदवी. तो एकदम थांबला. त्यांच्याकडे म्हणे शेतकी शिकलेल्याला इंजिनिअर म्हणतात. तेव्हापासून मी "इन्हेन्येरो" झालो. आमच्या गावाकडच्या पाहुण्यांमध्ये माझी ख्याती "दुबईला माळी आहे" अशी. ते उम्म अल कुवैन आहे, दुबई नव्हे, हे सांगून मी थकलो. आणि माळी नव्हे, हे सांगणं तर कधीच सोडून दिलं होतं. त्यामुळे सगळ्या क्लबासमोर, आमच्या मॅनेजरसमोर, तो लांबून "इन्हेन्येरो!" अशी हाक मारायचा तेव्हा मी उगाचच जरा वेळ लावून वळायचो. म्हणजे त्याला पुन्हा हाक मारावी लागे.

दोन वर्षं खेळून त्याने बूट टांगले. गुडघ्यात काही उरलं नव्हतं. परत जाईल असं वाटलं होतं, पण क्लबाने मुलांना शिकवायला ठेवून घेतला आणि तो राहिला. त्याच वर्षी दिवाळीला मी त्याला घरी बोलावलं. बायको, आठ-नऊ वर्षांची मुलगी, असे तिघं आले. आमच्या शारजाच्या फ्लॅटमध्ये तो सगळ्या खुर्च्या सोडून भिंतीला पाठ लावून बसला. माझ्या बायकोने चकलीची ताटली पुढे केली. त्याने आधी डाव्या खांद्यावरून मागे पाहिलं, मग उजव्या, आणि मग चकली घेतली. चहाच्या कपाला पुन्हा तेच. करंजीला पुन्हा तेच.

बायको मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "अहो, भिंतीकडे काय बघतायत ते? पोपडे दिसले की काय?"

मी ते विचारलंच. तो लाजला. म्हणाला, सवय आहे. बॉल पायाशी यायच्या आधी माहीत हवं की तो पुढे कुठे जाणार. आल्यावर बघणारा उशीर करतो. मी म्हटलं, "कॅप्टन, ही चकली आहे." तर म्हणाला, "हो, पण करंजी कुठून येतेय ते मी पाहून ठेवलंय."

त्या हसण्याच्या भरात माझ्या मुलीने त्याच्या मुलीला विचारलं, "इज युअर डॅड रिअली फेमस?"

ती जरा विचार करून म्हणाली, "आय थिंक सो. फॉर ग्रास."

सगळे हसले. तोही हसला. पण मी त्याच्या शेजारी बसलो होतो. त्याने हातातली करंजी ताटलीत परत ठेवली. निघताना लिफ्टपाशी म्हणाला, "इन्हेन्येरो, ती लहान होती तेव्हा मी चांगला खेळायचो. समज आली तेव्हा मी बेंचवर होतो. तिने मला मोबाईलमध्ये पाहिलंय. मोबाईलमध्ये सगळेच चांगले खेळतात."

म्हणून पुढच्या वर्षी निरोपाच्या मॅचचं ठरलं तेव्हा ती मॅच कोणासाठी आहे, हे मला ठाऊक होतं. त्याच्या जुन्या क्लबातले निवृत्त सवंगडी येणार, आमच्या मैदानावर एक सामना होणार, टीव्हीवर दाखवणार. पोस्टरवर लिहिलं होतं: चाहत्यांसाठी. डॉक्टरांनी गुडघ्याला अर्धा तास मंजूर केला होता. तो मला म्हणाला, "अर्धा तास. पळायचा प्रश्न नाही. जमीन ओली असली की बॉल आपोआप धावतो, मला फक्त घोटा वळवावा लागतो. कोरडी असली तर पूर्ण पाय मारावा लागेल, आणि तो पाय आता नाही. सुरुवातीच्या वीस मिनिटं आधी पाणी हवं. देशील?"

मी म्हटलं, "इन्शाल्ला."

"इन्शाल्ला नको. हो की नाही?"

"हो," मी म्हणालो.

आता मॅनेजरविषयी सांगायला हवं. क्लबाची इमारत, दिवे आणि मैदान सांभाळायचं काम ज्या कंपनीकडे होतं तिचे ते मॅनेजर, आणि माझे साहेब. सावंत म्हणू या. मूळचे दादरचे. माणूस वाईट नव्हता. त्याच्यावरही कोणीतरी होतं, आणि त्या कोणीतरीवरही कोणीतरी. मॅचच्या आठवड्यात मैदानावर एका कंपनीचा मोठा कार्यक्रम झाला. चार दिवस स्टेज आणि गालिचा. उचलला तेव्हा खालचं गवत कावीळ झाल्यासारखं पिवळं. ते सुधारायला मला दोन आठवडे हवे होते. होते दोन दिवस. सावंतांनी रास अल खोरहून गवताला मारायचा हिरवा रंग मागवला. मॅचच्या दिवशी सकाळी आम्ही मैदान रंगवलं. कॅप्टन आला, वाकून बोट लावलं, बोट हिरवं झालं. फक्त म्हणाला, "पाणी?" मी म्हटलं, "हो."

दुपारी सावंत व्हॉल्व्हपाशी आले. आमच्याकडचा व्हॉल्व्ह गोलमागच्या खड्ड्यात, हाताने फिरवायचा.

"हे बघ, आज वॉटरिंग नाही," ते म्हणाले.

"साहेब, कॅप्टनना मी शब्द दिलाय. सात मिनिटं फक्त."

"अरे, कलर चीप आहे, पाणी लागलं की सुटणार. गेस्ट टीमचं किट व्हाइट आहे. लाइव्ह टेलिकास्टवर सगळे हिरवे झाले तर माझी इज्जत जाईल आणि तुझा व्हिसा. समझ लो. मुलगी दहावीला आहे ना तुझी? मिड-इयरला कुठली स्कूल घेणार तिला? नो वॉटर. खलास."

ते गेले. सामन्याची वेळ जवळ आली तशी मी खड्ड्यात उतरलो. प्रेक्षक यायला लागले होते. शमीरच्या गावचे, गॅरेजवाले, बाजारवाले, पाठीवर त्याचा नंबर घालून. समोरच्या स्टँडमध्ये दुसऱ्या रांगेत त्याची मुलगी येऊन बसलेली मला दिसत होती. वीस मिनिटं उरली. चाकावर माझा हात होता. ते अर्धा वळसा फिरवायला एक मूलसुद्धा पुरे. मी माझ्या मुलीचा विचार केला, गावाकडच्या पाहुण्यांचा केला, परत जाऊन काय करणार याचा केला. पंधरा मिनिटं उरली. दहा. मी हात काढला आणि खड्ड्याच्या बाहेर आलो. एवढंच. याला मी अजून दुसरं नाव दिलेलं नाही. भित्रेपणा तो भित्रेपणा.

संघ मैदानात उतरले. कॅप्टन माझ्यापासून दहा पावलांवरून गेला. मी खाली बघत उभा राहिलो.

पहिलाच पास त्याने सवयीने घोटा वळवून दिला. बॉल निम्म्या वाटेत मंदावला आणि पाहुण्यांच्या माणसाने आरामात उचलला. स्टँडमधून "ओह" असा आवाज आला. वाटलं, झालं, आता हा अर्धा तास असाच जाणार, सगळ्यांसमोर, तिच्यासमोर, आणि तो माझ्यामुळे जाणार.

दुसरा बॉल आला. त्याने कमरेपासून पाय फिरवला. बॉल सरळ गेला आणि ज्याच्याकडे जायचा त्याच्या बुटाशी जाऊन थांबला. तिसरा तसाच. चौथा तसाच. एवढ्या गर्दीत हे फक्त मला दिसत होतं, कारण ती जमीन माझी होती: जो पास ओल्या गवतावर त्याला फुकट मिळाला असता, त्याच्यासाठी तो प्रत्येक वेळी तो मोडका गुडघा पणाला लावत होता. मारल्यावर क्षणभर एका पायावर उभा राहायचा, दुसरा टेकवायला धजायचा नाही. लोकांना वाटायचं, काय ऐट आहे! आणि ताकद वाढवली म्हणून अचूकपणा तसूभरही ढळला नाही. त्या पिवळ्या-हिरव्या, राठ गवताचा हिशेब त्याने एका चुकलेल्या पासात मांडून संपवला होता.

पंचविसाव्या मिनिटाला बॉल त्याच्याकडे आला तेव्हा समोर चार जण होते. त्याने उजवीकडे मान वळवली, चौघेही तिकडे झुकले, आणि बॉल डावीकडे निघाला. जमिनीलगत, दोघांच्या मधून, मैदानाच्या पार पलीकडे. तिथे कोणी नव्हतं. मग आमचा विंगर धावत तिथे पोचला, आणि बॉल त्याची वाट पाहत असल्यासारखा त्याच्या पुढ्यात हळू झाला. गोल विंगरने केला. त्याच्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. सगळं स्टेडियम उभं राहून त्या एका माणसाकडे बघत होतं, आणि त्याची मुलगी खुर्चीवर चढून दोन्ही हात वर करून किंचाळत होती. शमीर कॅन्टीन सोडून माझ्याशेजारी येऊन उभा होता, लहान मुलासारखा रडत होता. मीही रडत होतो, पण माझं कारण त्याला कळण्यासारखं नव्हतं.

तिसाव्या मिनिटाला तो बाहेर आला. इतका सावकाश, की लोकांना वाटलं, सलाम स्वीकारत चाललाय. सावंत खुशीत माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघ, टीव्हीवर ग्राउंड काय क्लास दिसतंय!"

दोन दिवस मी त्याला टाळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो मैदानाच्या कडेला बाकावर बसलेला दिसला, पाय समोर खुर्चीवर, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. गुडघा भोपळ्याएवढा सुजला होता. मी जाऊन समोर उभा राहिलो. म्हटलं, "कॅप्टन, पाणी मी सोडलं नाही. मी घाबरलो. तुम्हाला हो म्हणालो आणि सोडलं नाही."

"माहीत आहे," तो म्हणाला.

"पहिल्या पासाला कळलं?"

"नाही, त्याच्या आधी. मी तुझ्या मॅनेजरकडे गेलो होतो. म्हटलं, पाणी हवं. तो म्हणाला, तुम्ही सांगितलंत तर सोडतो, कॅप्टन, आज तुमचा दिवस. पण रंग सुटला तर वर कोणाचं तरी नाव द्यावं लागेल, आणि मैदान इन्हेन्येरोचं आहे. मग मी म्हटलं, राहू दे."

"पण तुम्ही पहिला पास..."

"जुनी सवय. पायाला कोणी सांगितलं नव्हतं." तो हसला. मला हसू येईना.

"ती मॅच तुम्हाला तिच्यासाठी हवी होती," मी म्हणालो.

"झाली की. तिने पाहिली." त्याने बर्फाची पिशवी दुसऱ्या बाजूला फिरवली. "मॅचेस मी खूप खेळलो. तुझी नोकरी एकच आहे."

मी बाकावर त्याच्या शेजारी बसलो. मग विचारलं, "मला येऊन सांगितलं का नाहीत? मी तिथेच होतो, व्हॉल्व्हपाशी."

तो म्हणाला, "सांगितलं असतं, तर तू चिडून पाणी सोडलं असतंस."

मी सोडलं नसतं. मला ते माहीत होतं. त्यालाही माहीत असणार. माणूस कुठे जाणार हे आधी ओळखण्यातच त्याचं आयुष्य गेलं होतं. तरी माझ्या तोंडाकडे बघत तो तसं म्हणाला.